वाटणी झाली, कब्जा सुटेना

जमीन आली की भाऊबंदकी आली, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण जमीनच नसताना भाऊबंदकी कशी होते हे पाहायचं असेल, तर एखाद्या कंपनीच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या खात्यात येऊन बसावं. तिथे व्हर्च्युअल डिस्क नावाची एक चीज असते. चीज म्हणायची ती सवयीनं, कारण ती हातात घेता येत नाही, पडून फुटत नाही आणि भंगारवाला तिला हात लावत नाही. कुठल्या तरी खऱ्या डिस्कवर पडलेली ती एक फाईल. तिच्या भरवशावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला मात्र वाटत असतं की आपल्या नावावर चांगली २०० जीबीची डिस्क आहे. बाहेरून मोजावं तर फाईल भरते २० जीबी. बाकीची जागा 'लागेल तशी देऊ' या बोलीवर. त्याच बोलीवर शेजारच्या मशीननाही दोनदोनशे जीबी दिलेले असतात, आणि सगळी एकदम मागायला येत नाहीत तोवर व्यवहार उत्तम चालतो. हाच धंदा एखाद्या बिल्डरनं केला तर लोक महारेराकडे धाव घेतात. आमच्याकडे तो करणाऱ्याला खर्च वाचवला म्हणून शाबासकी मिळते.

तर अशा या नसलेल्या जमिनीचे भाग पाडले जातात, ते मोडून पुन्हा पाडले जातात, आणि मग एक दिवस जुना हिस्सा काढायला गेलं की तो निघत नाही. संगणक म्हणजे हो किंवा नाही, शून्य किंवा एक, असं समजणाऱ्यांनी हा सोहळा एकदा बघावाच. तिथे 'हो, पण' आणि 'नाही, तरीही' हीच दोन उत्तरं मिळतात.

डिस्कचे भाग पाडायची जुनी रीत १९८३ ची. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्डडिस्क आली आणि पीसी डॉस २.० नं तिचे जास्तीत जास्त चार भाग पाडायची सोय केली. वाटणीचा कागद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असतो. सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले ६४ वाटणीला, म्हणजे एका भागाच्या वाट्याला १६ बाइट. अमुक सेक्टरपासून पुढे इतके सेक्टर, आणि शेतात पीक कुठलं ते सांगणारा एक आकडा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून जे सांगतात, ते १६ बाइटांत. पुढे या कागदावर २ टेराबाइटपलीकडची जमीन मावेना, म्हणून जीपीटी नावाचा ऐसपैस कागद आला. पण कागद तो कागदच. एफडिस्क या वाटणीच्या कमांडनं पार्टिशन, म्हणजे त्यातला एक भाग, पुसलं की सातबाऱ्यावरची एक ओळ जाते. शेतातला ऊस उभाच असतो.

चार भागांच्या या वाटणीत एक जुनंच दुखणं होतं. एकाला जागा कमी पडली आणि शेजाऱ्याकडे पडीक असली, तरी मधला बांध हलवता येत नसे. त्यावर लिनक्समध्ये १९९८ साली हाइन्झ माउल्सहागेन या गृहस्थांनी उपाय आणला. एचपी-यूएक्स या प्रणालीत होती तशी व्यवस्था त्यांनी लिनक्ससाठी लिहिली, तिचं नाव एलव्हीएम. कल्पना अशी की सगळे तुकडे आधी एका सामाईक खात्यात टाकायचे. तुकडा म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, सामाईक खातं म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप, आणि त्यातून ज्याच्या त्याच्या नावानं काढून दिलेला हिस्सा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. हिस्सा सलग असलाच पाहिजे असं नाही; थोडा ओढ्याकाठी, थोडा माळावर, तरी मालकाला तो एकसंध दिसतो. मोजणी ठरावीक मापात होते, सहसा ४ एमबीच्या, त्याहून बारीक तुकडा मिळत नाही. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, तो लोकांनी किती पाळला हे गावोगाव दिसतं. एलव्हीएमनं मात्र काटेकोर पाळला.

आमच्याकडे बार्शीकडचा एक मुलगा नव्यानं रुजू झाला होता. इंजिनिअरिंगला हे सगळं त्याला चित्रं काढून शिकवलं होतं आणि डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी खातं आणि हिस्सा असं सांगायला लागलो तर तो मध्येच म्हणाला, "सर, मग वहिवाट कोण लावतं?" लाखमोलाचा प्रश्न. वहिवाट लावतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याच्याकडे डिव्हाइस मॅपर नावाचा एक भाग असतो, २.६ या आवृत्तीपासून आहे. कुठला हिस्सा कुठल्या जमिनीवर बसतो याचा नकाशा तो आपल्या स्मरणात ठेवतो आणि त्याप्रमाणे नांगर चालवतो. म्हणजे एकाच जमिनीची नोंद तीन ठिकाणी: पार्टिशनच्या तक्त्यात, एलव्हीएमच्या खात्यात आणि कर्नलच्या डोक्यात. तिन्ही जुळतात तोवर कुणाला कळतही नाही की नोंदी तीन आहेत.

जुळायच्या थांबतात कधी, याचं सर्वांत साधं उदाहरण होम. सेंटओएस ७ नावाची लिनक्स २०१४ साली आली आणि देशभरच्या सर्व्हरवर पसरली. तिच्या इन्स्टॉलरला 'तूच वाटणी कर बाबा' म्हटलं की तो रूटला, म्हणजे प्रणालीच्या मुख्य वाट्याला, ५० जीबी देई, मेमरीला जोड म्हणून स्वॅपला थोडं, आणि उरलेलं सगळं होमला. होममध्ये वापरणाऱ्यांच्या खासगी फायली राहतात. घरच्या संगणकावर ठीक आहे. सर्व्हरवर खासगी फायली ठेवतो कोण? सगळे लॉग, सगळे डेटाबेस रूटच्या वाट्यात दाटीवाटीनं, आणि दीडशे जीबीचं होम मोकळं. रूट भरला की सर्व्हर आडवा. मग होमचं थोडं कमी करून रूटला द्यावं म्हटलं, तर वरची फाइलसिस्टिम एक्सएफएस. ती वाढते, पण कमी करायला बसलं तर दाद देत नाही. तेव्हा होम समूळ काढणं हा एकच मार्ग राहतो.

इथे जो प्रसंग घडतो तो मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिला आहे की आता आधी खुर्ची ओढून घेतो. माणूस ऐटीत होम अनमाउंट करतो, म्हणजे वापरातून सोडवायला जातो. उत्तर येतं: जागा वापरात आहे. तो पुन्हा करतो. पुन्हा तेच. चेहरा गंभीर. कोण बसलंय आत? सगळ्यांना मेल जातो की आपापली कामं बंद करा. कुणाचंच काही चालू नसतं. फ्यूजर नावाची कमांड चालवून घुसखोराचा छडा लावला जातो, आणि तिथे दिसतं स्वतःचंच नाव. लॉगिन केल्या केल्या संगणकानं त्याला होममधल्या त्याच्याच फोल्डरमध्ये बसवलेलं असतं. रिकामं करायला आलेला बेलिफच आत ठाण मांडून असतो.

ही गंमत निरुपद्रवी. खरा तमाशा होतो तो वाटणी आधी मोडणाऱ्यांचा. हिस्सा काढायचा क्रम सरळ आहे: आधी अनमाउंट, मग हिस्सा, मग खातं, मग तुकड्यावरची खूण, आणि शेवटी पार्टिशन. पण माणसाला शेवटचीच कमांड पाठ असते, कारण एफडिस्क त्यानं कॉलेजात वापरलेलं असतं. शिवाय डिस्क व्हर्च्युअल. कन्सोलवर आकडा बदलला की २०० चे ४०० होतात, त्यामुळे हात सैल सुटतो. तो जुनं पार्टिशन पुसतो, नवं आखतो आणि लिहून टाकतो. एफडिस्क बिचारं प्रामाणिक आहे. ते सांगतं की तक्ता बदलला, पण कर्नल अजून जुनाच तक्ता धरून बसलाय. नवा पुढच्या रीबूटला लागू होईल, नाहीतर पार्टप्रोब चालवून बघ. हा निरोप कुणीही वाचत नाही. मग हिस्से बघावेत तर सगळे जिथल्या तिथे, सुखरूप. बार्शीकराच्या शब्दांत, "फेरफार मंजूर झाला सर, पण नांगर जुन्याचाच चाललाय."

या टप्प्याला खोलीत जाणकार जमतात. एक जण ठामपणे म्हणतो, रीबूट करा. या उपायावर आपल्या देशाची जेवढी श्रद्धा आहे तेवढी आणखी कशावर असेल असं वाटत नाही. दुसरा म्हणतो, फोर्स लावा. तिसरा, जो इतका वेळ चहा पीत होता, तो आता विचारतो, "बॅकअप आहे ना?" हा प्रश्न आजवर कुणी आधी विचारलेला मी पाहिलेला नाही. आणि फोनवर साहेब असतात. त्यांचा प्रश्न कायम एकच, "किती वेळ लागेल?" त्याचं खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे सगळे 'अर्धा तास' म्हणतात.

रीबूट होतो. आता कर्नलचं डोकं साफ, पण सामाईक खातं दोन डिस्कवर पसरलेलं असेल तर एलव्हीएमला दुसरीच काळजी लागते. आपल्या एका भावाचा, म्हणजे एका तुकड्याचा, पत्ता लागत नाही, असं ते कळवतं, आणि भावाची खूण सांगतं. खूण म्हणजे ३२ अक्षरांचा यूयूआयडी, मध्ये मध्ये आडव्या रेघा. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचा नसेल असा. बरं, भाऊ गेला तर जाऊ दे, उरलेल्यातला हिस्सा काढू म्हणावं, तर कुटुंबातला माणूस बेपत्ता असताना हिशेबात बदल करता येणार नाही असं बाणेदार उत्तर मिळतं. आपल्या कायद्यात बेपत्ता माणूस मेला असं धरायला सात वर्षं थांबावं लागतं. एलव्हीएम तेवढं थांबवत नाही, ते स्वतःच व्हीजीरिड्यूसचा रस्ता सुचवतं: बेपत्त्यांची नावं कमी करा. मात्र त्या भावाच्या जमिनीवर ज्यांचे ज्यांचे हिस्से होते, त्यांची नावं ते साध्या विनंतीवर काढत नाही. जबरदस्ती केली तर काढतं, आणि मग त्या हिस्स्यांचा दुसऱ्या डिस्कवरचा धडधाकट भागही सोबत जातो. एका गुंठ्यासाठी अख्खं शेत. फोर्स सुचवणारे जाणकार यावेळी खोलीत नसतात.

याच्या बरोबर उलटंही होतं. खात्यात हिस्सा नाही, यादी मागितली तर कोरी, पण कर्नलच्या नकाशात तो ठणठणीत. कागदोपत्री मेलेला माणूस खळ्यावर खाट टाकून बसलेला असावा, तसा. तो बसलाय म्हणून पार्टिशन सुटत नाही, पार्टिशन सुटत नाही म्हणून नवा तक्ता लागत नाही, आणि खात्याकडे तक्रार करावी तर खातं म्हणतं, या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. तिथे डीएमसेटअपनं थेट कर्नलच्या नकाशातूनच त्याला उठवावं लागतं.

कधी कधी तर कोणीच दिसत नाही. अनमाउंट झालेलं, स्वॅप बंद केलेला, फ्यूजर म्हणतं आत चिटपाखरू नाही. तरी डिव्हाइस मॅपरकडे उघड्या दारांची संख्या एक. ते एक दार बहुधा एखाद्या कंटेनरचं असतं. त्यानं सुरू होताना माउंटची आपली खासगी प्रत करून घेतलेली असते, आणि बाहेर काय मोडलं, काय विकलं याची त्याला खबर नसते. व्हर्च्युअल मशीनला जागा देणारा यजमान सर्व्हरही कमी नाही. त्याच्या एका हिस्स्यावर पाहुण्याची अख्खी डिस्क वसलेली, तिच्या पोटात पाहुण्याचं स्वतःचं एलव्हीएम. जुन्या मांडणीत यजमान डिस्का चाळता चाळता पाहुण्याच्या आतल्या खोल्यांतही डोकावतो, तिथले हिस्से आपलेच समजून चालू करतो, आणि पाहुणा कायमचा गेल्यावर त्याची जागा मोडायला जावं तर सांगतो की वापरात आहे. वापरतोय कोण? यजमानच.

भूतही आहे या गोष्टीत. एलव्हीएम आपली खूण पार्टिशनच्या सहसा दुसऱ्या सेक्टरमध्ये लिहून ठेवतं. नवं पार्टिशन हल्ली बहुतेक वेळा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, जुनंही तिथूनच सुरू झालेलं होतं. त्यामुळे नवी वाटणी आखली की तीच खूण पुन्हा पहिल्या कुदळीला लागते. एफडिस्क विचारतं, इथे जुन्या एलव्हीएमची खूण सापडली, पुसू का? घाबरलेला माणूस 'नाही' दाबतो, आणि मोडलेलं कुटुंब आपल्या जुन्या नावांसकट पुन्हा अंगणात उभं राहतं. वाइपएफएस नावाची कमांड याच कामासाठी आहे. ती चालवायला हिंमत लागते, आणि त्याहून जास्त, आपण बरोबर डिस्कवर उभे आहोत याची खात्री.

सगळं निस्तरलं, हिस्सा गेला, टाळ्या झाल्या. तरी घरी जायची घाई करू नये. एफएसटॅब या फायलीत त्या हिस्स्याची एक ओळ उरलेली असते, आणि ती आठवते पुढच्या रीबूटला, जो हमखास रविवारी पहाटे असतो. पडद्यावर एक तांबडी पट्टी इकडून तिकडे फिरत राहते. गेलेल्या हिस्स्याची, सर्व्हर सुरू करून देणारी सिस्टिमडी दीड मिनिट वाट पाहते. दीड मिनिट हा काळ साहेब शेजारी उभे असताना किती लांब होतो हे अनुभवी माणसालाच माहीत. हिस्सा आला नाही की सर्व्हर आणीबाणीच्या अवस्थेत जातो आणि रूट या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड मागतो, जो नोकरी सोडून गेलेल्या माणसाला माहीत असतो. होमऐवजी स्वॅप काढला असेल तर आणखी मजा. त्याचं नाव बूटच्या ओळीतही लिहिलेलं असतं, म्हणून सर्व्हर उंबऱ्यावरच अडतो आणि म्हणतो, स्वॅप आल्याशिवाय मी आत यायचा नाही.

एलव्हीएमच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा कुणी उल्लेख करत नाही. खात्यात काहीही बदल करण्याआधी ते जुन्या नोंदीची नक्कल एटीसी फोल्डरातल्या आर्काइव्हमध्ये आपणहून ठेवतं. साधा वाचता येईल असा मजकूर असतो. चुकीचा हिस्सा काढला आणि त्या जागेवर अजून दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर व्हीजीसीएफजीरिस्टोअर या अवघड नावाच्या कमांडनं त्या नकलेवरून तो परत उभा करता येतो. न सांगता फेरफाराची नक्कल काढून ठेवणारा तलाठी मला आणखी कुठे भेटलेला नाही. स्नॅपशॉट घेणं हा दुसरा उपाय, आणि तो सगळे करतात. मग तो पुसायला विसरतात. तो महिनोन् महिने फुगत राहतो, आणि व्हीएमवेअरवर पुढच्या वेळी डिस्क वाढवायला गेलं की कळतं, स्नॅपशॉट असेपर्यंत वाढवता येत नाही.

माझ्या मते यातला निम्मा त्रास यंत्राचा नाहीच, नावांचा आहे. सेंटओएसचा इन्स्टॉलर खात्याला 'सेंटओएस' हेच नाव सुचवायचा, आणि सगळे ते डोळे मिटून घ्यायचे. बंद पडलेल्या सर्व्हरची डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडून माहिती वाचवायला जावं, तर एकाच नावाची दोन खाती समोरासमोर, आणि त्या ३२ अक्षरी खुणेनं ओळखून एकाचं बारसं पुन्हा करावं लागतं. जे स्वतः नाव देतात ते 'डेटा' देतात. पुढच्याला 'डेटा-न्यू'. या नावातली रेघ डिव्हाइस मॅपर आपल्या यादीत दुहेरी करतो, कारण खातं आणि हिस्सा यांच्यामध्ये त्याची स्वतःची एकेरी रेघ असते. मग डोळ्यांवर झोप असलेला माणूस त्या रेघा मोजत बसतो. 'न्यू' चार वर्षांचं जुनं असतं. 'ओल्ड' हेच सध्या चालू असतं. 'टेंप' कायमचं असतं.

म्हणून हा लेख वाचणाऱ्यांत कुणी या धंद्यातलं असेल तर हात जोडून एकच मागणं आहे. हिस्सा काढायच्या आधी एलएसबीएलकेनं सगळी मांडणी डोळ्यांखालून घाला, आणि त्यात 'टेस्ट' नावाचा हिस्सा दिसला तर त्याला हात लावू नका. आधी हिशेबखात्यात फोन करा. पगार बहुतेक त्याच्यावरच चालतात.